इस्त्रीच्या मुठीवर चाललेलं यान : 'राउमपात्रुल्ये ओरिऑन'चं प्रकरण

यानाच्या यंत्रखोलीत मुख्य अभियंता हासो सिगब्योर्नसन कामाला लागलाय. समोर लुकलुकणाऱ्या दिव्यांचं पॅनेल आणि त्या पॅनेलवर बसवलेली एक इस्त्री. हो, कपड्यांचीच. रोवेंटा कंपनीची. गोष्ट घडतेय इसवी सन ३००० च्या सुमारास, यान ताऱ्याताऱ्यांमधून हिंडतंय आणि त्याला ताब्यात ठेवणारा दांडा म्हणजे इस्त्रीची मूठ.

जर्मन माणसाजवळ 'राउमपात्रुल्ये ओरिऑन' या जुन्या जर्मन टीव्ही मालिकेचं नाव काढा. तो आधी हसतो आणि मग इस्त्रीचं सांगतो. बारकाईने पाहिलं तर पेन्सिलीला टोक काढायची शार्पनर, न्हाणीघरातल्या नळाच्या चाव्या, प्लॅस्टिकचे पेले असंही बरंच काही त्या यानात सापडतं. हे हुडकत बसणं हा तिथल्या चाहत्यांचा जुना खेळ आहे. मीही तो खेळलोय, दृश्य थांबवून, पुढेमागे करून. पण इस्त्रीवर हसून झालं की लोक विषय बदलतात आणि खरा प्रश्न तसाच राहतो. ज्या मालिकेसाठी अर्धा देश टीव्हीपुढे बसत होता ती सातच भागांत का थांबली? आणि थांबूनही संपली का नाही? हे प्रकरण मांडायचं ते या दोन प्रश्नांसाठी.

झालं काय

१७ सप्टेंबर १९६६, शनिवार. पश्चिम जर्मनीच्या एआरडी या सार्वजनिक वाहिनीवर आठच्या बातम्या संपल्या आणि सव्वाआठला एका धीरगंभीर आवाजाने सांगायला सुरुवात केली: आज जे परीकथेसारखं वाटतं ते उद्या खरं होऊ शकतं, ही परवाची परीकथा. राष्ट्रं उरलेली नाहीत, उरलीय ती मानवजात आणि तिच्या अंतराळातल्या वसाहती. समुद्राचा तळ राहण्याजोगा झालाय. आणि ओरिऑन हे यान अनंताच्या कडेवर गस्त घालतंय.

ओरिऑन म्हणजे आपलं मृग नक्षत्र. मालिकेचं पूर्ण नाव लांबलचक आहे. मराठीत ते 'अंतराळ गस्त : ओरिऑन यानाची अद्भुत साहसं' असं काहीसं होईल. एक भाग साधारण तासाभराचा, दर पंधरवड्याला शनिवारी. सातवा आणि शेवटचा भाग १० डिसेंबरला लागला. म्हणजे अवघ्या तीन महिन्यांचा कारभार. चित्रण कृष्णधवल, निर्मिती म्युनिकजवळच्या गाइसेलगास्टाइग इथल्या बाव्हारिया स्टुडिओची, मागे पाठबळ मुख्यतः कोलोनच्या डब्ल्यूडीआर या प्रसारण संस्थेचं आणि सोबत फ्रान्सच्या सरकारी टीव्हीचा वाटा. दिग्दर्शक दोघे, मिखाएल ब्राउन आणि थेओ मेट्सगर. मूळ कल्पना रोल्फ होनोल्डची, पण लेखक म्हणून पडद्यावर नाव झळकतं ते डब्ल्यू. जी. लार्सन. या नावाचा कुणी माणूसच नव्हता. होनोल्ड, ब्राउन आणि बाव्हारियातली आणखी काही मंडळी मिळून हा लार्सन झाली होती.

या टोपणनावाबद्दल माझा एक अंदाज आहे. त्या काळी जर्मनीत अंतराळातल्या गोष्टी म्हणजे स्टेशनवरच्या टपरीत मिळणारी पातळ साप्ताहिकं. 'पेरी ऱ्होडान' १९६१ पासून दर आठवड्याला निघत होतं आणि पोरं ते गादीखाली लपवून वाचत होती. सार्वजनिक टीव्हीवर गंभीर नाटकं लिहिणाऱ्यांना त्या टपरीच्या रांगेत स्वतःच्या नावानिशी उभं राहायला थोडा संकोच वाटला असावा. आपल्याकडे रहस्यकथा लिहिणाऱ्यांकडे शिष्ट मंडळी कशा नजरेने बघत, ते आठवलं की हे कळायला जड जात नाही.

प्रेक्षकांना मात्र कसलाही संकोच नव्हता. काही भागांच्या वेळी टीव्ही असलेल्या घरांपैकी निम्म्याहून अधिक घरांत ओरिऑनच चालू होतं. ज्या कार्यक्रमामुळे रस्ते ओस पडतात त्याला जर्मनमध्ये 'रस्ते झाडणारा' म्हणतात. तोवर हा मान मुख्यतः खुनांच्या मालिकांचा होता. आकडा ऐकून हुरळून जायचं मात्र कारण नाही. देशभर दिसणाऱ्या वाहिन्या तेव्हा दोनच होत्या, एआरडी आणि १९६३ मध्ये सुरू झालेली झेडडीएफ. आपल्याकडे एकट्या दूरदर्शनच्या काळात रविवारी सकाळी रस्ते कसे असायचे, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ही गंमत ठाऊक आहे.

अमेरिकेत 'स्टार ट्रेक'चा पहिला भाग लागला तो ८ सप्टेंबर १९६६ रोजी, ओरिऑनच्या नऊ दिवस आधी. कुणी कुणाचं उचललं हा वाद त्यामुळे दर थोड्या वर्षांनी उकरला जातो. वाद फुकटचा आहे. ओरिऑनचं चित्रण त्याआधीच झालेलं होतं, एकमेकांचं पाहून उचलायला सवडच नव्हती. तबकडीसारखं यान, गणवेशातला चमू, मधोमध कप्तान हे सगळं दोघांच्याही आधी अमेरिकी चित्रपटांत येऊन गेलेलं होतं.

मासे, थाळी आणि काळोख

मी काही वर्षं हौशी नाटकांच्या नेपथ्यात हात काळे केलेत. एकदा एका एकांकिकेसाठी आम्हाला प्रयोगशाळा उभी करायची होती आणि खिशात होते जेमतेम रंगाच्या डब्यांपुरते पैसे. थर्माकोलच्या शीटवर सोडा बाटल्यांची झाकणं चिकटवून आम्ही नियंत्रण कक्ष केला. तिसऱ्या रांगेतून तो खरा वाटायचा, पहिल्या रांगेतून हसू यायचं. म्हणून ओरिऑन बघताना माझं लक्ष गोष्टीआधी भिंतींकडे जातं.

या भिंतींचा धनी रोल्फ त्सेहेटबाउअर. यानाचा नियंत्रण कक्ष त्याने गोल केला. मधोमध एक मोठा वर्तुळाकार पडदा, त्याभोवती माणसं, आणि त्यांच्या पलीकडे जवळपास काहीच नाही. काळोख. नेपथ्यवाल्याला यातली अक्कल चटकन कळते. जिथे दाखवायला पैसे नाहीत तिथे उजेड पाडायचा नाही. कृष्णधवल चित्रणात काळोख स्वस्त पडतो आणि भारदस्तही दिसतो. इस्त्री तिथे खपून जाते ती याच हिशोबात. पडद्यावर ती दोन-चार सेकंद दिसते, तीही रंगाविना. आकाराला वळण आहे, मुठीला पकड आहे. तेवढ्या वेळात डोळ्याला फक्त 'काहीतरी यंत्र' कळतं. लाल-निळ्या रंगात तीच वस्तू क्षणात पकडली गेली असती. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा कारागीर थेओडोर निशविट्स, ट्रिक दृश्यांचा उस्ताद. पृथ्वीवरचा ओरिऑनचा तळ आहे समुद्राखाली, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेच्या कार्पेंटारियाच्या आखातात. तळावरच्या लोकांसाठी 'स्टारलाइट कॅसिनो' नावाचं करमणुकीचं ठिकाण आहे. माणसं पेले हातात घेऊन गप्पा मारताहेत, आणि त्यांच्या डोक्यावरून, काचेच्या छतापलीकडून, प्रचंड मोठे मासे सावकाश पोहत जाताहेत. मासे वेगळे चित्रित केलेले, माणसं वेगळी, दोन्ही एकाच फिल्मवर आणलेली. आज संगणकावर कुणीही करील. पण त्यातला मंदपणा बघा. मासा घाईत नाही, कॅमेराही घाईत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी गोष्ट विसरून माशांकडेच बघत राहिलो होतो.

आणि त्या कॅसिनोतला नाच! मागे जोडपी नाचताहेत. भविष्यातला नाच म्हणून मुद्दाम बसवलेला. पाठीला पाठ लावणं, डोक्यावर बोटं टेकवणं, एखादा पाय उगाच मागे टाकणं. नाचणाऱ्यांचे चेहरे इतके गंभीर की जणू आयकर भरताहेत. पुढच्या टेबलावर पृथ्वीच्या विनाशाची चर्चा चाललेली असते आणि आपली नजर मागच्या त्या जोडप्यांवरून हलत नाही.

संगीत पेटर थोमासचं. सुरुवातीच्या धूनमध्ये उलटी मोजणी येते, दहा, नऊ, आठ, यंत्रातून गाळून काढल्यासारख्या आवाजात. हा आवाज सीमेन्सच्या व्होकोडरमधून, म्हणजे माणसाचा आवाज यंत्रासारखा करणाऱ्या उपकरणातून काढलेला. वर ढणढणणारी पितळी वाद्यं आणि ऑर्गन. अंतराळ म्हटलं की तारेसारखे लांबलचक करुण सूर वाजवायचे, हा दंडक त्याने सरळ उडवून लावला. त्याचं अंतराळ मध्यरात्रीच्या क्लबसारखं आहे.

हुकूम कुणाचा

इतकं सगळं इस्त्रीवाल्यांनाही मान्य असतं. त्यांच्याकडून सुटतं ते गोष्टीचं बी.

नायक मेजर क्लिफ अॅलिस्टर मॅकलेन. भूमिकेत डीटमार शॉनहेर हा ऑस्ट्रियन नट, ओठांच्या कोपऱ्यात कायम एक तिरकं हसू. पहिल्या भागात आपण त्याला भेटतो तेव्हा त्याला शिक्षा होत असते. का, तर त्याने हुकूम मोडला. पहिल्यांदा नव्हे, त्याला ती खोडच आहे. म्हणून त्याला वेगवान लढाऊ ताफ्यातून काढून तीन वर्षांसाठी गस्तीच्या रटाळ कामावर धाडतात. वर त्याच्या यानावर नजर ठेवायला सुरक्षा खात्याची एक अधिकारी बसवतात, तामारा यागेलोव्स्क, भूमिकेत एवा प्फ्लूग. तिच्याकडे एक विशेष अधिकार आहे, 'अल्फा हुकूम'. तो दिला की कप्तानाचंही काही चालत नाही. सातही भाग वरवर परग्रहवासीयांशी लढाई आहेत, पण आत चाललेला झगडा या दोघांचा: कुठला हुकूम पाळायचा, कुठला मोडायचा, आणि ते ठरवणार कोण.

आता हे १९६६ च्या पश्चिम जर्मनीत ठेवून बघा. आउशवित्झच्या छळछावणीत काम केलेल्यांवरचा फ्रँकफर्टचा खटला डिसेंबर १९६३ ते ऑगस्ट १९६५ असा चालला होता. त्याआधी १९६१ मध्ये जेरुसलेमला आइकमन या नाझी अधिकाऱ्याचा खटला झाला. दोन्हीकडे बचावात पुन्हा पुन्हा येणारं वाक्य एकच: आम्हाला तसा हुकूम होता. १९५५ मध्ये नवं सैन्य उभं राहिलं तेव्हा हे वाक्य पुन्हा कुणाच्या तोंडी येऊ नये म्हणून १९५६ च्या सैनिक कायद्यातच लिहून ठेवलं गेलं, की माणसाच्या प्रतिष्ठेला धक्का लावणारा हुकूम पाळला नाही तर तो आज्ञाभंग ठरणार नाही, आणि ज्यातून गुन्हा घडेल तो हुकूम पाळायचाच नाही. टीव्हीपुढे बसलेल्या बापांपैकी कित्येकांनी एकेकाळी हुकूम पाळलेले होते. त्यांच्या शेजारी बसलेली पोरं हुकूम मोडणाऱ्या मेजरवर जीव टाकत होती.

लेखकांनी हे सगळं ठरवून केलं असा माझा दावा नाही. टीव्हीच्या गडबडीत कुणी इतकं ठरवत नाही. पण बेशिस्त नायक निवडला तो याच मातीत, आणि मातीने त्याला जे द्यायचं ते दिलं. पाचव्या भागात सूर्य अचानक तापू लागतो, पृथ्वीवर हाहाकार माजायची वेळ येते, आणि त्यामागे क्रोमा नावाच्या एका ग्रहावरची माणसं आहेत असं कळतं. मुख्यालय लढाईच्या तयारीला लागतं. मॅकलेन तिथे जाऊन बोलणी करतो. सातव्या भागात तर सुरक्षा खात्याचा प्रमुख कर्नल व्हिला हाच शत्रूच्या कह्यात गेलेला निघतो. म्हणजे हुकूम सगळे कागदोपत्री ठीक आणि हुकूम देणाराच हातचा गेलेला. प्रत्येक हुकूम पाळणारी माणसं या भागात पृथ्वीला घेऊन बुडाली असती.

तरीही त्या वेळच्या टीकाकारांना मालिकेत लष्करी थाटच दिसला, आणि त्यांचं अगदीच चुकलं असं मला म्हणवत नाही. जनरल, मेजर, सलाम, मुख्यालय, हत्यारं. एका महाभयंकर हत्याराचं नाव तर 'ओव्हरकिल', अणुयुद्धाच्या चर्चेतून सरळ उचललेला शब्द. शत्रू म्हणजे 'फ्रॉग्ज'. चमचमणाऱ्या, चेहरा नसलेल्या आकृत्या. त्यांना प्राणवायू विषासारखा लागतो एवढंच आपल्याला कळतं. ते कोण, त्यांना पृथ्वीचं काय हवंय, याची विचारपूसही कुणी करत नाही. चेहरा नसलेला शत्रू मारायला सोपा असतो, आणि ट्रिक दृश्यात बनवायलाही. यातलं किती विचाराचं आणि किती पैशाचं, हे वेगळं काढता येत नाही. मालिका हुकमाला प्रश्न विचारते, बंदुकीला विचारत नाही.

बायकांच्या बाबतीतही असाच दुपेडी कारभार. जनरल लिडिया व्हान डाइक 'हायड्रा' यानाची प्रमुख आहे. शार्लोटे केरने ती इतक्या सहज ठसक्यात केलीय की बाई जनरल कशी, हा प्रश्नच पडू नये. प्रत्यक्षात त्या वर्षी पश्चिम जर्मनीत लग्न झालेल्या बाईला घर आणि संसार सांभाळून जमेल तेवढीच नोकरी करायची कायद्याने मुभा होती. हा कायदा बदलला १९७७ मध्ये. जर्मन सैन्याची सगळी दारं बायकांना उघडली २००१ मध्ये. एवढं पुढचं बघणारे हेच लेखक क्रोमा ग्रहावर बायकांचं राज्य दाखवतात तेव्हा मात्र कॉलेजच्या कट्ट्यावरचे विनोद करतात. आणि अतान शुबाशी नावाचा यानाचा दिशादर्शक नावाने जपानी वाटतो, पण चेहरा अस्सल जर्मन. राष्ट्रं नाहीशी झालेली पृथ्वी म्युनिकमध्ये मिळेल त्या नटसंचात उभी केली की असं होणार.

सातवर का अडलं

पहिलं उत्तर सगळे देतात तेच: पैसा. त्या काळच्या टीव्हीच्या मानाने मालिका फार महाग होती. इस्त्री वापरूनही. ट्रिक दृश्यांना वेळ लागतो, आणि स्टुडिओत वेळ भाड्याने मिळतो. गुन्हेगारी मालिकेत एक दिवाणखाना उभा केला की तीन भाग निघतात. इथे दर भागाला नवा ग्रह.

पण मला वाटतं, खरी मेख रंगात होती. २५ ऑगस्ट १९६७ रोजी बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात तेव्हाचे परराष्ट्रमंत्री व्हिली ब्रांट यांनी बटण दाबलं आणि पश्चिम जर्मनीत रंगीत टीव्ही सुरू झाला. शेवटचा भाग लागून जेमतेम साडेआठ महिने झाले होते. पुढची मालिका करायची तर रंगीतच करायला हवी होती, आणि रंगात करायची म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. मघाशी म्हटलं तो काळोख गेला. इस्त्री गेली. यानाचा नमुना, मासे, चमचमणारे फ्रॉग्ज, यातलं काहीही जसंच्या तसं रंगात चाललं नसतं. ज्या गरिबीने ओरिऑनला रूप दिलं तिला लपायला कृष्णधवल पडदा होता. पडदा उठल्यावर एकतर श्रीमंत व्हायचं किंवा थांबायचं.

या प्रकरणात मला सर्वांत रस वाटतो तो यापुढच्या घडामोडीत. डब्ल्यूडीआरने विज्ञानकथा सोडली नाही, अंतराळ तेवढं सोडलं. १८ ऑक्टोबर १९७० रोजी त्यांनी 'दास मिलिओनेनश्पील' दाखवलं, म्हणजे 'दहा लाखांचा खेळ'. लेखक वोल्फगांग मेंगे, दिग्दर्शक टोम टोएले. एक माणूस सात दिवस पळत राहतो, मारेकऱ्यांची टोळी त्याच्या मागावर, सगळं टीव्हीवर थेट, वाचला तर दहा लाख मार्क. सूत्रसंचालकाच्या भूमिकेत खराखुरा टीव्ही निवेदक, मध्ये खोट्या जाहिराती. इतकं हुबेहूब, की स्पर्धक म्हणून नाव नोंदवायला प्रेक्षकांची पत्रं आली. मारेकऱ्यांच्या म्होरक्याचं काम केलंय डीटर हालरफोर्डनने. हे नाव ओळखीचं वाटत नसेल तर चेहरा वाटेल: आपल्या दूरदर्शनवर 'दीदीज कॉमेडी शो' लागायचा, त्यातला धडपड्या दीदी तो हाच. 'टेलिमॅच' आणि 'दीदी' पाहून वाढलेल्या पिढीने जर्मन टीव्हीचा हसरा चेहरा पाहिला. त्याच चेहऱ्यावरचा हा थंडपणा पाहून मी जरा दचकलोच.

१९७३ मध्ये मेंगेचंच लेखन घेऊन वोल्फगांग पेटरसनने 'स्मॉग' केला, रुहरच्या औद्योगिक पट्ट्यात हवा विषारी होते त्याची गोष्ट. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राइनर वेर्नर फासबिंडर या दिग्दर्शकाचा दोन भागांचा 'वेल्ट आम द्राट' आला. संगणकात उभं केलेलं एक जग, त्यातल्या माणसांना आपण खोटे आहोत याचा पत्ता नाही, आणि त्यांना चालवणाऱ्यालाही हळूहळू स्वतःबद्दल शंका. हे सगळं पृथ्वीवर घडतं. खऱ्या कचेऱ्या, खरे रस्ते, खऱ्या गाड्या. फासबिंडरने पॅरिसमधल्या नव्या काचेच्या इमारती आणि ढिगाने आरसे वापरून भविष्य दाखवलं. यानाचा खर्च शून्य. ओरिऑनच्या हिशोबातून कुणी काय धडा घेतला याची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, पण तिन्ही कलाकृती एकामागोमाग ठेवल्या की दिशा स्पष्ट दिसते. वस्तू बदलून भविष्य उभं करणं परवडत नाही, नजर बदलून करता येतं. फासबिंडरच्या कलाकृतीची डागडुजी होऊन २०१० च्या बर्लिन महोत्सवात ती पुन्हा दाखवली गेली तेव्हा लोक चकित झाले. तोवर तशा कल्पनेवर हॉलिवूडने बक्कळ पैसा कमावलेला होता.

अंतराळाची जागा मात्र मोकळीच राहिली. २७ मे १९७२ पासून झेडडीएफवर जर्मन आवाजातला 'स्टार ट्रेक' सुरू झाला, आणि पुढच्या पोरांच्या डोक्यात यान म्हणजे एंटरप्राइज, ओरिऑन नव्हे. जर्मन टीव्हीने त्या तोडीची दुसरी अंतराळ मालिका काही उभी केली नाही. त्या अर्थी ओरिऑनला वारस नाही.

उरलं ते

तरीही मालिका संपली नाही म्हणालो, ते का, हे सांगायला हवं. ती पडद्यावरून उतरली आणि ज्या टपरीला तिचे लेखक बिचकत होते असं मला वाटतं, त्याच टपरीवर जाऊन बसली. 'पेरी ऱ्होडान'च्या लेखकांपैकी हान्स क्नाइफेलने आधी सातही भागांच्या कादंबऱ्या केल्या, मग नव्या गोष्टी लिहायला घेतल्या. पुढे इतरही हात लागले. टीव्हीवर सात भाग, कागदावर शंभरहून अधिक. कागदावर यान उडवायला ट्रिक दृश्य लागत नाही, रंगाचा प्रश्न येत नाही, आणि शत्रूला चेहरा द्यायचा तर एक वाक्य पुरतं.

कारागीर पांगले, पण फार लांब गेले नाहीत. त्सेहेटबाउअरला 'कॅबरे' या चित्रपटाच्या कलादिग्दर्शनासाठी १९७३ मध्ये दोन सहकाऱ्यांसह ऑस्कर मिळालं. पुढे 'दास बोट' चित्रपटातली पाणबुडी त्यानेच उभी केली, त्याच गाइसेलगास्टाइगच्या आवारात. पाणबुडीतली ती चिंचोळी जागा, गोल दारं, नळ्या आणि चाव्या बघताना मला उगाच वाटतं, की याने ही तालीम आधी केलेली आहे. फरक इतकाच की पाणबुडीत नळाच्या चाव्या खऱ्या असतात.

पेटर थोमासची धून मालिकेपेक्षा जास्त हिंडली. पल्प या इंग्लिश बँडने १९९८ मधल्या आपल्या 'धिस इज हार्डकोअर' या गाण्यात त्याच्याच ओरिऑन संगीतातला तुकडा वापरला. ते गाणं ऐकणाऱ्या कित्येकांना यानाचं नावही ठाऊक नसेल.

२००३ मध्ये सात भागांतले तुकडे जोडून एक चित्रपट काढला आणि चित्रपटगृहांत लावला. मधल्या फटी बुजवायला भविष्यातल्या बातम्या वाचणारी निवेदिका घातली, भूमिकेत लेखिका एल्के हायडेनराइश. मला तो प्रयोग फारसा रुचला नाही. तो प्रेक्षकाला सतत डोळा मारत असतो: बघा, किती जुनं, किती गमतीचं. मूळ मालिका कधीच डोळा मारत नाही. हासो त्या इस्त्रीला हात घालतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलत नाही, आणि म्हणून ती इस्त्री चालते. ज्यांना बघायची असेल त्यांनी सात भागच बघावेत, क्रमाने, दुसऱ्या भागापर्यंत तरी. त्यात पृथ्वीवर येऊन आदळणारा जळता ग्रह थांबवायला ओरिऑन यानाचाच बळी द्यावा लागतो. पुढच्या भागांत तेच नाव घेऊन नवं यान येतं. मालिकेचं स्वतःचं जे झालं ते तिने दुसऱ्याच भागात दाखवून ठेवलंय, असं चाहते गमतीने म्हणू शकतील.

राहता राहिला मेजर. शॉनहेर पुढे बायको व्हिवी बाखसोबत 'व्युन्श दिर वास' या कौटुंबिक खेळाचा सूत्रधार म्हणून घराघरात पोचला. उतारवयात त्याने निकाराग्वात ग्रानाडा गावी कवी एर्नेस्टो कार्देनालसोबत एक सांस्कृतिक केंद्र उभं केलं. आणि या दोन्हींच्या मध्ये, ऐंशीच्या दशकात अमेरिकेची अण्वस्त्रधारी पर्शिंग क्षेपणास्त्रं जर्मनीत आणायची वेळ आली तेव्हा, दक्षिण जर्मनीतल्या मुटलांगेन गावच्या लष्करी तळासमोर रस्ता अडवून बसलेल्या लोकांमध्ये तोही होता. पडद्यावर त्याच्या यानाच्या पोटात ओव्हरकिल होतं. इथे तो ओव्हरकिलच्या फाटकाबाहेर जमिनीवर मांडी घालून बसला होता, आणि उठायचा हुकूम त्याला पोलीस देत होते.